जुन्या शहरात विद्यार्थ्यांचा ग्रुप न्यायचाय? प्लॅनिंगपासून परत येईपर्यंत काय काय करायचं

विद्यार्थ्यांची ऐतिहासिक ट्रिप ठरली की कोणीतरी ग्रुपवर लांबलचक लिस्ट टाकतं. किल्ला, राजवाडा, संग्रहालय, दोन देवळं, मशीद, जुना बाजार, वेशीचा दरवाजा, आणि हे सगळं एका दिवसात बसवायचं असतं. मग मुलं दिवसभर बसमध्ये चढतात उतरतात, रांगेत उभी राहतात, प्रत्येक ठिकाणी एक ग्रुप फोटो होतो आणि संध्याकाळी विचारलं की काय पाहिलंत, तर कुठली कमान कुठल्या इमारतीची हे कोणालाच सांगता येत नाही. यात मुलांचा काही दोष नाही, प्लॅनच तसा असतो.

त्यामुळे सुरुवातीलाच सांगते, अर्ध्या दिवसात तीन, फार तर चार ठिकाणं घ्या आणि ती एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असू द्या. पालक म्हणतील एवढ्या लांब जाऊन एवढंच? म्हणू देत. जुनं शहर पायीच कळतं, कारण ते बांधलंच गेलं पायी चालणाऱ्यांसाठी.

आधी प्रश्न, मग ठिकाणं

ठिकाणं निवडायची माझी पद्धत अशी, की त्या शहराला एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर जिथे डोळ्यांनी दिसतं तेवढ्याच जागा घ्यायच्या. "इथल्या लोकांना पाणी कुठून मिळायचं?" हा मला सगळ्यात आवडतो, कारण पाणी राजालाही लागतं आणि मजुरालाही, शिवाय पाण्याची बांधकामं भक्कम असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी टिकून असतात. इस्तंबूलला हा प्रश्न घेऊन गेलात तर चौथ्या शतकातला व्हॅलेन्सचा जलसेतू, म्हणजे शहरात पाणी आणणारा कमानींचा पूल, अजून उभा आहे, त्याच्या कमानींखालून आज मोठा रस्ता जातो. मग सहाव्या शतकातलं जमिनीखालचं बॅसिलिका टाकं बघायचं, त्यात ३३६ खांब आहेत आणि दोन खांबांच्या तळाला मेड्युसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या बाईची, कोरलेली डोकी आहेत, एक आडवं आणि एक चक्क उलटं. मुलं लगेच विचारतात उलटं का ठेवलं? मग दुसऱ्या जुन्या इमारतीचे दगड आणून नवीन कामात वापरायची पद्धत होती हा विषय आपोआप निघतो, तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही. रोममध्ये तर इसवी सन पूर्व १९ मध्ये सुरू झालेला ॲक्वा व्हर्गो नावाचा कालवा होता, तोच पुढे अनेकदा दुरुस्त होत होत आजही ट्रेव्ही कारंज्याला पाणी पुरवतो.

प्रश्न अजून बरेच निघतात. शत्रू आला तर शहर काय करायचं, कुठला व्यवसाय कुठल्या गल्लीत होता, कोणाला आत प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, वेळ कशी मोजायचे. थोड्या मोठ्या मुलांसाठी "यातलं खरंच जुनं किती?" हा प्रश्न फार भारी आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथलं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सगळं उद्ध्वस्त झालं होतं आणि नंतर ते पुन्हा बांधलं, त्यासाठी अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराने काढलेली शहराची चित्रंसुद्धा वापरली गेली, आणि १९८० मध्ये युनेस्कोने या पुन्हा बांधलेल्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आता हे जुनं म्हणायचं का नवीन? कॉलेजची मुलं यावर तासभर भांडू शकतात आणि भांडू द्यावं.

प्रश्न ठरला की नकाशावर ठिकाणांमधून एक ओळ काढा. मागे पुढे जाणारी वाट नको, एकीकडून सुरू होऊन दुसरीकडे संपणारी हवी. अहमदाबादचा १९९७ पासून चालू असलेला हेरिटेज वॉक याचं छान उदाहरण आहे, काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपतो आणि मधे पोळांमधून, म्हणजे माणसं राहतात त्या वस्त्यांमधून जातो. त्यामुळे मोठ्या वास्तूंइतकंच लक्ष पाखरांना दाणे घालायच्या कोरीव चबुतऱ्याकडे आणि लाकडी खांबांकडे जातं. तुमच्या वाटेतही दोन मोठ्या वास्तूंच्या मधली गल्ली हा कार्यक्रमाचा भाग धरा.

बंद वार आणि बुकिंग

हे काम कंटाळवाणं आहे पण पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार वेगळा असतो, ताजमहाल शुक्रवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, बरीच संग्रहालयं सोमवारी बंद, आणि जिथे आजही पूजा नमाज प्रार्थना चालते तिथे त्या वेळेत पर्यटकांना आत सोडत नाहीत किंवा काही भाग बंद ठेवतात. वेबसाइट बघा आणि त्याशिवाय फोन करून पण विचारा, कारण एखाद्या भागाचं दुरुस्तीचं काम चालू असलं तर ते वेबसाइटवर असतंच असं नाही.

ग्रुपला वेगळे नियम असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. व्हेनिसने २०२४ पासून गाइडबरोबरच्या ग्रुपला २५ जणांची मर्यादा घातली आणि लाउडस्पीकरवर बंदी आणली, म्हणजे ५० मुलं घेऊन गेलात तर दोन ग्रुप आणि दोन गाइड लागणारच. तिकिटात मुलांना सवलत बऱ्याच ठिकाणी असते, भारतात पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखाली मोफत आहे. पण दारात वय दाखवावं लागू शकतं, म्हणून जन्मतारीख असलेली ओळखपत्रं सगळ्यांकडे हवीत. आणि मोफत असलं तरी वेळेचं बुकिंग लागू शकतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, मुलांची यादी, जबाबदार माणसाचा नंबर असा एक कागद तयार करून त्याच्या चार पाच प्रती ठेवा, कुठे ना कुठे मागतातच.

रेकी, आणि ती पायीच

सगळ्या तयारीत एकच गोष्ट करायला वेळ मिळणार असेल तर ही करा. ट्रिपचा जो वार आणि जी वेळ आहे त्याच वाराला त्याच वेळेला ती वाट स्वतः चालून या. रविवारी सकाळी शांत असलेली गल्ली बाजाराच्या दिवशी ओळखू येत नाही. शहर लांब असेल तर तिथल्या ओळखीच्या कोणाला तरी फोनवर व्हिडिओ काढत चालायला सांगा.

चालताना इमारतींकडे कमी आणि या गोष्टींकडे जास्त बघा: बस कुठे थांबते, रस्ता कुठे ओलांडायचा, टॉयलेट कुठे आणि किती, पिण्याचं पाणी कुठे भरता येईल, आणि ४० जण एका बाजूला सावलीत पाच मिनिटं उभे राहू शकतील आणि कोणाच्या दुकानाचा किंवा घराचा दरवाजा अडणार नाही अशी जागा कुठे आहे. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड जाते. जुन्या शहरात गल्ल्या अरुंद, त्यामुळे वास्तूच्या थेट समोर उभं राहून बोलता येत नाही, थोडं आधीच्या चौकात सांगून मग पुढे न्यावं लागतं.

वेळेचा हिशोब एकट्याच्या चालीने करू नका. गूगल मॅप १० मिनिटं दाखवतो तिथे ४० जणांच्या ग्रुपला २० धरा. टॉयलेटचा हिशोब तर कागदावर करूनच बघा, ४० मुलं, ४ टॉयलेट, प्रत्येकी २ मिनिटं, म्हणजे अगदी शिस्तीत झालं तरी २० मिनिटं गेली. दिवसातून दोनदा धरली तर ४० मिनिटं, आणि ही ४० मिनिटं बहुतेक प्लॅनमध्ये कुठेच लिहिलेली नसतात, मग शेवटचं ठिकाण पळत पळत बघावं लागतं किंवा गाळावं लागतं.

चढ, पायऱ्या आणि मधून बाहेर पडायची सोय पण बघून ठेवा. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवर जवळपास दोन किलोमीटरची फेरी आहे, ती एकाच दिशेने चालायची असते आणि वर सावली फारशी नाही, अशा ठिकाणी एखाद्या मुलाला चक्कर आली तर कुठून खाली उतरवायचं हे आधी माहीत पाहिजे. व्हीलचेअरवाला किंवा पाय दुखावलेला विद्यार्थी ग्रुपमध्ये असेल तर त्याच्यासाठी दुसरी वाट शोधा आणि शक्य असेल तर सगळ्यांनाच त्या वाटेने न्या. त्याला खाली बसवून बाकीचे वर गेले हे बरोबर नाही.

ग्रुपची बांधणी

शाळेची मुलं असतील तर दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, लहान वर्ग असेल तर त्याहून जास्त. कॉलेजला एवढं लागत नाही पण सगळ्यात पुढे एक आणि सगळ्यात मागे एक हे ठरलेलंच हवं, आणि मागच्याच्या मागे कोणीही राहायचं नाही हा नियम. मोजणीसाठी प्रत्येकाला नंबर द्या, एक दोन तीन असं मोठ्याने म्हणत गेले की तीस सेकंदात कळतं कोण नाही. नुसती डोकी मोजली तर एक कमी आहे एवढंच कळतं, नक्की कोण ते शोधण्यात वेळ जातो.

हरवलं तर काय करायचं हे निघायच्या आधी सांगा, आणि एकाच वाक्यात: जिथे ग्रुप शेवटचा दिसला तिथेच थांबायचं, शोधायला आपण येऊ. गल्लीबोळात दोघंही एकमेकांना शोधत फिरले तर भेट होत नाही. उंच भिंतींमध्ये फोनचं लोकेशन भलतीकडे दाखवतं आणि दुपारपर्यंत बॅटरी संपलेली असते, तेव्हा दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं. औषधं, ॲलर्जी, दम्याचा पंप ही माहिती पालकांकडून लेखी घ्या आणि ती ज्याच्याकडे आहे तो माणूस बसमध्ये बसून राहणारा नसावा.

आता मनोरे आणि अरुंद जिने. यावर मी जरा कडक बोलणार आहे. डिसेंबर १९८१ मध्ये कुतुबमिनारच्या आतल्या जिन्यात दिवे गेले, घबराट झाली आणि चेंगराचेंगरीत ४५ माणसं गेली, त्यात बरीचशी शाळेच्या सहलीला आलेली मुलं होती. तेव्हापासून तो जिना लोकांसाठी बंद आहे. तेव्हा कुठल्याही जुन्या जिन्यावर सगळा ग्रुप एकदम चढवू नका. आठ दहा जणांची तुकडी, वर एक मोठं माणूस, खाली एक, आधीची तुकडी पूर्ण खाली आल्याशिवाय पुढची सोडायची नाही, प्रत्येक तुकडीत निदान एक टॉर्च, जिन्यात ढकलाढकली किंवा भुताचे आवाज काढणं अजिबात नाही. एवढा वेळ नसेल तर वर जाणंच रद्द करा.

ट्रिपच्या आधीचा एक तास

जायच्या आठवड्यात एक तास घ्या. सगळा इतिहास आधीच सांगून टाकू नका, नाहीतर तिथे बघायला काही उरत नाही. त्यापेक्षा रस्त्यांची नावं नसलेला नकाशा द्या आणि विचारा तुम्ही असता तर तटबंदी कुठे बांधली असती, बाजार कुठे बसवला असता, नदीचा उपयोग कसा केला असता. मुलं पेन्सिलने काढतात, मग तोच कागद घेऊन जायचा आणि प्रत्यक्षात काय आहे ते त्यावर लिहायचं. आपला अंदाज बरोबर आला का चुकला हे बघायची त्यांना इतकी घाई असते की वेगळी शिस्त लावावी लागत नाही.

पालकांना एकच मेसेज पाठवा, त्यात जमायची वेळ, परत यायची वेळ, नंबर, चालायचे बूट, पाण्याची बाटली, टोपी आणि धार्मिक जागांसाठी खांदे गुडघे झाकतील असे कपडे. दहा वेगवेगळे मेसेज पाठवले की महत्त्वाचा नेमका वाचायचा राहतो.

वास्तूसमोर उभं राहिल्यावर

पोचल्या पोचल्या बोलायला सुरुवात करू नका. पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फोन खिशात, फक्त बघायचं, आणि प्रत्येकाने स्वतःला पडलेला एक प्रश्न लिहायचा. नंतर ते प्रश्न वाचायचे आणि बोलणं त्यातूनच पुढे न्यायचं. तुम्ही उन्हाकडे तोंड करून उभं राहा म्हणजे ऊन मुलांच्या पाठीवर येतं, नाहीतर अर्धी मुलं डोळे बारीक करून तुमच्याकडे बघत असतात आणि त्यांना काही दिसत नाही. सलग बोलणं पाच सात मिनिटांच्या वर नको.

बघायचं कसं हे एका उदाहरणाने सांगते. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत कोरलंय की हे अग्रिपाने (हा एक रोमन सेनापती) बांधलं. वाचून झालं, लिहून घेतलं, चला पुढे, असंच सगळे करतात. पण आज उभी असलेली इमारत अग्रिपाची नाही, त्याची आधीची वास्तू गेली आणि ही दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झाली, जुन्या माणसाचं नाव मात्र ठेवलं. आणि हे कशावरून कळलं, तर विटांवर उमटवलेल्या शिक्क्यांवरून. म्हणजे कोरीव लेख एक सांगतो आणि वीट दुसरंच सांगते. आत गेल्यावर घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून घुमटाच्या टोकापर्यंतची उंची दोन्ही सारखीच, साधारण ४३ मीटर, आणि मधोमध मोठं गोल भोक, त्यातून पाऊस थेट आत येतो. इथे मुलांना फक्त एवढंच सांगायचं, पाणी कुठे जातं ते शोधा. मग ती खाली वाकतात आणि त्यांना फरशीतली छोटी भोकं सापडतात, फरशीला हलकासा उतार आहे हे पण लक्षात येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक ठिकाणी असं एक काम शोधून ठेवा, जे तिथे उभं राहूनच करता येईल आणि ज्याचं उत्तर मोबाइलवर न बघता सापडेल.

जयपूरच्या जंतरमंतरला हे अगदी सोपं आहे. तिथलं सम्राट यंत्र, म्हणजे दगडी सूर्यघड्याळ, २७ मीटर उंच आहे, एवढं मोठं असल्यामुळे त्याची सावली हलताना डोळ्यांना दिसते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. सगळ्यांनी एक मिनिट सावलीच्या कडेवर नजर ठेवायची, हात लावायचा नाही, ती सहाएक सेंटिमीटर सरकते. अठराव्या शतकात एवढं मोठं यंत्र का बांधलं हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

कुठल्याही इमारतीला चालतील असे काही प्रश्न: दगड किंवा वीट कुठे बदलते, म्हणजे सांधा कुठे आहे? सगळ्यात जास्त झिजलेली पायरी कुठली आणि का? बंद केलेलं दार किंवा बुजवलेली खिडकी दिसते का? यातलं सगळ्यात नवीन काय? यातला एखादाच प्रश्न एका ठिकाणी पुरतो. आणि चित्र काढायला लावा, चित्र चांगलं आलं पाहिजे असं काही नाही, पण कमान काढायला बसलं की मधला दगड कसा बसवलाय ते बघावंच लागतं, फोटो काढला की बघणं थांबतं.

गाइड घ्यायचा असेल तर परवानाधारक घ्या आणि आधी फोनवर आपला प्रश्न सांगा, त्याप्रमाणे बोलाल का विचारा. चांगला गाइड खूश होतो. दंतकथा तर प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतातच, भुयार थेट दुसऱ्या गावाला निघतं, कारागिरांचे हात तोडले वगैरे. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे पण तिला त्या काळातला काही पुरावा नाही. अशा गोष्टी मुलांसमोर हाणून पाडू नका, वहीत दोन रकाने करायला सांगा, एकात ‘ऐकलं’ आणि एकात ‘पाहिलं’. संध्याकाळी दोन्ही रकाने समोर ठेवून बोलता येतं.

हात, बॅगा आणि तिथे राहणारी माणसं

सॅक पाठीवर असली की वळताना भिंतीला, मूर्तीला घासते आणि कळतही नाही, म्हणून आतमध्ये सॅक पुढे घ्यायची. हात लावू नका एवढंच सांगून भागत नाही, का ते सांगा: एका हाताने काही होत नाही पण रोज हजारो हात लागले की त्यांच्या घामाने आणि तेलकटपणाने दगड, धातू, रंग सगळ्यावर परिणाम होतो. दिल्लीच्या लोहस्तंभाला पाठ लावून हात मागे बांधायची प्रथा होती, शेवटी १९९७ मध्ये त्याभोवती कुंपण घालावं लागलं. नावं कोरणं हा तर सरळ गुन्हा आहे, भारतात संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रोममध्ये २०१९ पासून स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर नुसतं बसायलाही बंदी आहे, त्यामुळे डबे कुठे खायचे ते आधीच विचारून ठेवा.

आणि जुनं शहर म्हणजे काही मांडून ठेवलेलं प्रदर्शन नाही, तिथे लोक राहतात. कोणाच्या दारात डोकावायचं नाही, वाळत घातलेल्या कपड्यांचे, म्हाताऱ्या माणसांचे, लहान मुलांचे न विचारता फोटो नाहीत, गल्लीत आवाज कमी. कोणी स्वतःहून बोलायला आलं तर मात्र पुढचं ठिकाण पाच मिनिटं उशिरा झालं तरी चालेल, ऐकून घ्या, घर कोणी बांधलं, विहीर कधी बुजवली हे अशा बोलण्यातूनच कळतं.

परत आल्यावर

त्याच दिवशी अर्धा तास ठेवा, बसमध्ये असला तरी चालेल. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची आणि ती ‘पाहिलं’ रकान्यातली हवी. पुढच्या आठवड्यात एका मोठ्या कागदावर सगळ्यांनी मिळून शहराचा नकाशा काढा, ज्याने जे शोधलं ते त्याने त्या जागी लिहायचं, ‘ऐकलं’ मधल्या गोष्टी वेगळ्या रंगाने, आणि दोन दोन जणांनी एकेक गोष्ट लायब्ररीत जाऊन तपासायची. पानभर निबंध लिहायला सांगू नका, सगळे एकमेकांचा उतरवतात.

तुमच्यासाठी पण एक काम आहे. कुठल्या ठिकाणी प्रत्यक्षात किती वेळ लागला, टॉयलेट कुठे बंद निघालं, कुठल्या चौकात उभं राहायला जागा मिळाली, कुठला प्रश्न मुलांनी उचलला आणि कुठला पडला, हे सगळं त्याच रात्री एका पानावर लिहा आणि बुकिंगच्या पत्राच्या प्रतीबरोबर फाइलला लावून ठेवा. पुढच्या वर्षी ग्रुप नेणारा दुसरा कोणी असेल, त्याला ही फाइल निघायच्या निदान दोन महिने आधी द्या.